नऊ एकांचा वर्ग

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईहून नाशिकरोडला येणारी गाडी डोंबिवली, कल्याण, इगतपुरी करत देवळालीला लागते. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शिकवत होते. 6174 या संख्येमुळे कापरेकर सरांचं नाव जगभर गेलं. मला मात्र त्यांच्या डेम्लो संख्या, म्हणजे 11, 111 अशा नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग, जास्त प्रिय आहेत. त्यांची कल्पना सरांना डेम्लो स्टेशनवर सुचली, म्हणून ते नाव. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. 111 ला 111 ने गुणायचंय. 111 ची ओळ तीनदा येईल, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकून. आता उभ्या बेरजा करा: 1, 2, 3, 2, 1. उत्तर 12321, गोदाघाटाच्या पायऱ्यांसारखं चढून उतरणारं. असेच नऊ एक घेतले, की 111111111 चा वर्ग येतो 12345678987654321. सतरा आकडी संख्या! भास्कराचार्यांनी दिलेल्या नावांप्रमाणे तिचा पहिला आकडा 'मध्य' या स्थानावर बसतो. आणखी एक घर पुढे गेलं की परार्ध.

उलटी वाचली तरी ती तीच. तिचे अवयव पाडले तर 3 चार वेळा, 37 दोनदा आणि 333667 दोनदा, एवढेच मूळ अवयव मिळतात. त्यावरून तिचे एकूण विभाजक 45 निघतात. 1 ते 9 ची बेरीजही 45 च, पण तो निव्वळ योगायोग.

तिच्या आकड्यांची बेरीज करा. ती येते 81, आणि हा योगायोग मुळीच नाही. गुणाकाराच्या मांडणीत नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ एक, म्हणजे एकूण 81 एक. कोणत्याच उभ्या रांगेची बेरीज 9 च्या वर जात नाही, म्हणून कुठेही हातचा येत नाही. हातचा नाही, म्हणून एकही एक हरवत नाही. या संख्येचं सगळं देखणेपण मला तरी इथेच दिसतं.

आता दहा एक घ्या. मधल्या रांगेची बेरीज 10 होते, शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो. तिथले 9 त्याने 10 होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पलीकडच्या 8 चे 9 होतात. उत्तर येतं 1234567900987654321. डाव्या बाजूचा 8 नाहीसा झाला, उलटसुलट वाचनही गेलं.

या वेळी मांडणीत एक होते शंभर. एका हातच्यात दहाचा एक होतो, म्हणजे आकड्यांच्या बेरजेतून 9 गळतात. हातचे आले दोन, गळले 18. उत्तरातले आकडे मिळवून पाहा, बरोबर 82 भरतात.