काळ्या चकाकीच्या आतले थर
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: दोन जुन्या इमारती, मधे काचेचं प्रवेशदार]

कानाझावा, जपान. यातली एक इमारत १८९८ची, लष्कराच्या नवव्या डिव्हिजनची कचेरी. दुसरी १९०९ची, लष्करी अधिकाऱ्यांचा क्लब. दोन्ही मूळ जागेवरून हलवून इथं शेजारी शेजारी उभ्या केल्या, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये टोकियोचं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय इथं मुक्कामाला आलं. टोकियोतही ते लष्कराच्याच जुन्या वास्तूत होतं!

[दृश्य: कामाची खोली, खालची बैठक]

ही खोली रोगणकाम करणाऱ्या गोनरोकु मात्सुदांची. जन्म कानाझावाचाच, १८९६चा. सातव्या वर्षापासून हात या कामात. १९५५मध्ये सरकारनं या कसबासाठी त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं. पायलट पेनं आपल्याला ठाऊक आहेत. त्या कंपनीच्या सुरुवातीच्या काळात पेनांवर सोन्याची नक्षीही त्यांनी केली. संग्रहालयानं त्यांची कामाची जागाच इथं आणून मांडली, हे फार बरं केलं. नुसती पेटी काचेआड ठेवली की ती घडवणारा माणूस कसा बसत होता, हे कुणाला दिसणार?

[दृश्य: ब्रश, अगदी जवळून]

रोगणाचा ब्रश. केस माणसाचे. लाकडी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आत भरलेले. पुढचे झिजले की लाकूड तासायचं, नवे केस मोकळे.

[दृश्य: झाडाच्या खोडावरच्या आडव्या खाचा, ओघळणारा चीक]

आणि हे रोगण, उरुशी. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यांपासून मिळते. उरुशी मात्र झाडाचा चीक. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं झाड. त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला की बिब्बा उतावा तसं अंग उततं. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडातून एका हंगामात जेमतेम पेलाभर चीक निघतो, मग झाड तोडतात. बुंध्यातून नवे कोंब फुटतात.

उरुशी वाळायला ओल लागते. उन्हात ठेवून उपयोग नाही. रंगवलेला वाडगा दमट कपाटात ठेवायचा, तिथं तो हळूहळू टणक होतो.

[दृश्य: वाडग्याच्या काठावर चिकटवलेलं कापड]

वाजिमा हे उरुशीच्या भांड्यांचं गाव. तिथल्या वाडग्याचं बळ वरच्या चकाकीत नसतं. काठासारख्या कमकुवत जागी आधी कापड चिकटवतात. त्यावर भाजलेल्या मातीची पूड उरुशीत कालवून लेप. घासायचं, वाळवायचं, पुन्हा लेप. शंभराहून जास्त टप्पे, आणि लाकूड कातणारा, लेप देणारा, शेवटचा हात मारणारा, नक्षी काढणारा असे सगळे वेगळे. नाव मात्र बहुतेक वेळा नक्षीवाल्याचंच होतं.

१ जानेवारी २०२४च्या भूकंपात वाजिमातल्या कितीतरी कार्यशाळा पडल्या, जळाल्या.

[दृश्य: बारा ससाणे, एकेकाच्या डोळ्यांवर कॅमेरा]

सुझुकी चोकिचींचे बारा ससाणे. धातूचे. १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेले. एकही दुसऱ्यासारखा बसलेला नाही. कुणी मान वळवलेली, कुणी पंख उघडलेले. निवेदन इथं थांबवतो, तुम्ही पिसं बघा.

[दृश्य: आवारातलं सिरॅमिकचं उंच शिल्प, मग दालनं]

आवारात जुन कानेकोंचं हे सिरॅमिक, आपल्या काळातलं. आत जुनं आणि नवं असं शेजारी शेजारी असतं. प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे ससाणे दरवेळी भेटतीलच असं नाही. तारखा बघून जा. मात्सुदांची खोली मात्र कायमच्या मांडणीत आहे.