चार लाख तेरा हजार तीन

सोलापूर. सकाळचे नऊ. खाली कारखान्यात यंत्रमागांचा खडखडाट, वर माळ्यावर घड्या घातलेल्या चादरींचा ढीग. त्याच्या आडोशाला बारावीतली एक मुलगी लॅपटॉप मांडून बसलीय. मूळ संख्या ओळखणारा प्रोग्राम तिला लिहायचाय.

पहिला प्रयत्न अगदी भाबडा. दोनपासून एकेका संख्येने भागत सुटायचं, बाकी शून्य आली की थांबायचं. उत्तर चुकत नाही. पण समोर चार लाखांतली मूळ संख्या आली, की भागाकारही चार लाख. कॉम्प्युटर कुरकुरत नाही म्हणून त्याला कितीही राबवायचं का?

इथं चादरी कामी येतात. छत्तीस चादरींच्या सारख्या थप्प्या लावू. दोन थप्प्या अठरा-अठराच्या, तीन बारा-बाराच्या, चार नऊ-नऊच्या, सहा सहा-सहाच्या. पुढं? नऊ थप्प्या, चार-चारच्या. अहो, ही तर मघाचीच जोडी, उलटी होऊन आली! म्हणजे सहाच्या पुढं बघायची गरजच नाही. वर्गमुळापाशी शोध संपला. चार लाखांच्या जागी साडेसहाशेच्या आत काम.

तिनं अट बदलली: भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा लहान आहे तोवर भागत राहा. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर ४, ९, २५, ४९ मूळ संख्या म्हणून ऐटीत उभ्या. एक ‘बरोबर’चं चिन्ह राहिलं होतं. ‘लहान किंवा बरोबर’ हवं. नाहीतर नेमके मूळ संख्यांचे वर्ग निसटतात. आणि १ला दारातच अडवायचं, ती मूळ नव्हे.

रस्त्यावरच्या एमएच-१३ गाड्यांचे चार आकडी नंबर तर शंभराच्या आतल्या २५ मूळ संख्यांनीच निकालात निघतात. शेकडो अंकी संख्यांपुढं मात्र ही युक्ती लंगडी. तिथं २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवणारी, नशिबावर न विसंबणारी रीत दिली. रोजच्या वापरात अजून मिलर-राबिन या, थोडं नशिबावर विसंबणाऱ्या चाचणीचीच चलती आहे, कारण ती झटपट.

आता ती सोलापूरचा एक पिन कोड टाकते. ४१३००३. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा... कुणाचाच भाग जात नाही. खालून वडिलांची हाक येते, “अगं, चादरी दे की खाली!”

“आले, बाबा.”

एकोणीसनं जातो. बरोबर २१,७३७ वेळा.