पार्क स्टेडियम आणि मध्यवस्तीचा बाजार
(सोलापुरातील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नवं स्टेडियम बांधलं की शहराच्या मध्यवस्तीतला धंदा वाढतो का, असा प्रश्न आयोजकांनी मला घातला. माझं उत्तर आहे, आपोआप वाढत नाही. एका अटीवर वाढतो, आणि आज मला त्या अटीबद्दलच बोलायचं आहे.

अमेरिकेत हा प्रयोग अनेक शहरांनी करून पाहिला. बाल्टिमोर शहराच्या मधोमध, रेल्वेच्या जुन्या यार्डाच्या जागेवर १९९२ साली बेसबॉलचं मैदान उभं राहिलं. खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात. मैदान इतकं देखणं की इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. पुढे हॅमिल्टन आणि कान या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. रोजगार आणि कर धरून शहराच्या पदरात निव्वळ भर पडत होती वर्षाला सुमारे तीस लाख डॉलरची. बेसबॉलच्या एका हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने होतात, हे लक्षात घ्या. एवढे सामने होऊनही ही गत.

असं का होतं? बाळीवेशीतलं एखादं कुटुंब रविवारी सामन्याला गेलं आणि तिथे पाचशे रुपये खर्चून आलं, तर त्या दिवशी ते हॉटेलात जेवायला जात नाही, सिनेमा पाहत नाही. पैसा सोलापूरचाच; एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात गेला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंनी संप केला, उरलेला हंगाम रद्द झाला. संपांच्या अशा काळात त्या त्या शहरांचं उत्पन्न घटलं का, हे अभ्यासकांनी तपासलं. घट दिसली नाही. लोकांनी तोच पैसा दुसरीकडे खर्च केला होता.

याच्या उलट आपली गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, पाहा. संक्रांतीला अक्कलकोट, तुळजापूर, विजयपूर, कलबुर्गीकडून माणसं येतात आणि बाहेरचा पैसा इथे सोडून जातात. हा पैसा खरा नवा. सोलापूर एके काळी गिरण्यांवर चालायचं. १८७७ ची जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. इथला कपडा बाहेर विकला जायचा, त्याचा पैसा पगाराच्या रूपाने पेठांत फिरायचा. गिरण्या गेल्या आणि पेठांची जी जखम झाली, ती एका स्टेडियमने भरून निघेल असं कोणी सांगत असेल तर मला ते पटत नाही.

आता आपल्या पार्कचा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये या पार्कवर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला. मला त्याचा फार आनंद झाला. पॉली उम्रीगर जिथे जन्मले, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक ज्यांनी ठोकलं त्यांच्या गावात, पुन्हा प्रथम श्रेणीचं क्रिकेट! पण रणजी सामना चार दिवसांचा. घरचे सामने मोजके, तेही पुणे, नाशिक, सोलापूर यांच्यात वाटले जाणार. सामन्यांचे दिवस वर्षाला चार किंवा आठ. नवी पेठेतला दुकानदार उरलेले साडेतीनशे दिवसही दुकान उघडतोच ना?

मी म्हटलेली अट ती हीच. सामना नसलेल्या दिवशी मैदान किती वापरलं जातं, त्यावर बाजाराचा फायदा ठरतो. पहाटे फिरायला येणारे, संध्याकाळी सरावाला येणारी मुलं, त्यांना सोडायला आलेले आईबाप. हीच माणसं चहा पितात, वही घेतात, भाजी घेऊन घरी जातात. पार्कची जागा यासाठी सोन्यासारखी आहे. भोवती गाळे आहेत, नवी पेठ चालत जाण्याच्या अंतरावर, सिद्धेश्वर मंदिर आणि किल्ला जवळच.

नागपूरने मोठे सामने २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधून वर्धा रोडवरच्या जामठ्याला नेले. पुण्याचे २०१२ पासून गहुंज्याला, द्रुतगती मार्गालगत होतात. मैदानं उत्तम आहेत, पण सामना संपला की गाड्या थेट महामार्गाला लागतात. वानखेडेवरून निघालेला प्रेक्षक मात्र चर्चगेटपर्यंत चालत जातो, आणि वाटेत काही ना काही घेतो.

म्हणून सोलापूरबाहेर माळावर मोठं स्टेडियम बांधायचा विषय निघाला, तर पेठेतल्या व्यापाऱ्यांनी त्याला मुळीच भुलू नये. त्यांनी पार्कसाठी आग्रह धरावा. रोज ठरलेल्या वेळी दरवाजे उघडे हवेत. महापालिका शाळांच्या मुलांना फी न घेता मैदान मिळावं. नवी पेठेपर्यंत चालायला धड फूटपाथ हवा आणि स्वच्छतागृह चालू हवं. यातल्या कशालाही नव्या स्टेडियमइतका पैसा लागत नाही. आणि वर्षातून किती दिवस, किती तास मैदान लोकांसाठी खुलं होतं, याचा आकडा महापालिकेने दरवर्षी जाहीर करावा. पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपण सगळ्यांनी मिळून तो मागू या.