तार सैल पडली? पाना उचलण्याआधी डोलकाठीखाली बघा

नमस्कार. चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला आणि मांडवीच्या काठाला बोटींवरच्या ताडपत्र्या निघू लागल्या. आता बरेच जण जुन्या शिडाच्या बोटी पाण्यात सोडतील. डोलकाठीच्या बाजूच्या तारा सैल लागल्या की पाना घेऊन आवळायला बसतील. त्यांनी आधी हे बघावं म्हणून आज घाईने कॅमेरा लावलाय.

[केबिनच्या आत, टॉयलेटच्या दाराजवळ]

हे दार बघा. ही माझी बोट २८ फुटी, फायबरची, १९८०च्या दशकातली. चार वर्षांपूर्वी अशाच दिवसांत हिच्या तारा सैल वाटल्या. दोन्ही बाजूंच्या टर्नबकलना, म्हणजे तार आवळायच्या स्क्रूंना, दोन-दोन फेरे दिले. महिन्याभरात पुन्हा सैल. पुन्हा आवळल्या. मग हे दार वर घासायला लागलं. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, असं समजून मी रंधा मारला. ही वरची कड तिरपी दिसते ना, ती तेव्हाची. दार फुगलंच नव्हतं. त्याच्यावरचं डेक खाली बसलं होतं.

असं का होतं? या बोटीची डोलकाठी तळापर्यंत जात नाही, डेकवर उभी असते. तारा तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात, पण त्याच वेळी खालीही ओढतात. सहा मिलिमीटरची एकोणीस पदरी स्टीलची तार साधारण तीन टनांना तुटते. बाजूची मुख्य तार त्याच्या १५ टक्के ताणावर ठेवायची, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे एका तारेवर साडेचारशे किलो, दोन्ही बाजूंच्या मिळून नऊशे. शिवाय खालच्या तारा, आणि पुढचा स्टे, मागचा स्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून-मागून धरणाऱ्या तारा. बोट नुसती नांगरावर असली तरी टनापेक्षा जास्त भार डोलकाठीच्या बुडाखालच्या वीतभर जागेवर असतो.

आणि ती जागा भरीव नाही. वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर, मध्ये बालसाचं हलकं लाकूड. डेकवरच्या प्रत्येक बोल्टसाठी त्या लाकडाला भोक पाडलेलं असतं. सीलंट वाळून तडकलं की पाणी तिथून आत जातं. थंड देशांत ते गोठून थर सुटे करतं. आपल्याकडे गोठत नाही, पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर ताडपत्री, आत उकाडा. लाकूड सुकत नाही, कुजतं.

लाकडाला दोष देऊ नका. गोव्यातच दिवाडीला बांधलेल्या नौदलाच्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीच्या सांगाड्यातही लाकडाचाच गाभा आहे आणि तिने नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांना २००९-१० मध्ये एकट्याने जगाची फेरी घडवली. पाणी आत शिरू दिलं नाही तर लाकूड टिकतं.

आता हा हिशेब नीट ऐका. एकोणीस पदरी तारेचे दोन मीटर एक मिलिमीटरने ताणले, की ताण तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के होतो. माझी बाजूची मुख्य तार नऊ मीटर. १५ टक्क्यांना ती साडेतेरा मिलिमीटर ताणलेली असते. डेक फक्त साडेचार मिलिमीटर बसलं, की तिसरा हिस्सा ताण गेला! आपण तो परत आवळतो, म्हणजे कुजलेल्या जागेवर डोलकाठी आणखी दाबतो.

म्हणून पाना बाजूला ठेवा. नारळ घेताना वाजवून बघतो तसं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक वाजवा. खणखणीत आवाज आला तर बरं. डोलकाठीभोवती थबथब आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. मग डेकवर आडवी दोरी ताणून धरा. दोन्ही टोकांना सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा आणि मधे खळगा पडलाय का मोजा. जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, डोलकाठीच्या बुडापासून फुटलेल्या बारीक चिरा असतील तर त्याही बघा. केबिनमधला डोलकाठीखालचा, डेकला आधार देणारा खांब विसरू नका. त्याचा पाय बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साठतं त्या बोटीच्या तळाशी, ओला राहिला तर तोही कुजतो, आणि लक्षण वरच्यासारखंच दिसतं.

मी बुडाजवळचा एक बोल्ट काढला तेव्हा भोकातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. ड्रिल घातलं तर बाहेर आला तो काळपट, ओला भुसा. चिमटीत दाबला तर पाणी सुटलं. अशा जागी नुसतं सीलंट भरून भागत नाही. उलट पाणी आतच कोंडतं.

काम मोठं आहे, पण अवघड नाही. डोलकाठी उतरवा. वरचा थर कापून कुजकं सगळं काढा, कोरड्या लाकडापर्यंत. पूर्ण सुकू द्या, डिसेंबर-जानेवारीची हवा त्यासाठी बरी. डोलकाठीखाली पुन्हा बालसा घालू नका, तिथे भरीव फायबरच हवं. बाकी भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि मग त्या भरावात नवं भोक घ्या. तेव्हा पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही.

मग ताण. आधी डोलकाठी मधोमध करा, दोन्ही बाजू हॅलियार्डने, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीने, मापून. तार हाताने आवळून दोन मीटरवर खूण करा, मग दोन्ही बाजूंना आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. खुणा तीन मिलिमीटरने लांबल्या की थांबा. टर्नबकलला ग्रीस लावा आणि स्प्लिट पिन घातल्याशिवाय खाली उतरू नका.

[पुन्हा दाराजवळ]

दार आता असं सहज बंद होतं. चौकटीवर पेन्सिलीची रेघ दिसते? दार आणि चौकटीतली फट मी तिथे दर महिन्याला मोजतो. आज सहा मिलिमीटर, दुरुस्तीनंतर होती तेवढीच.