डोक्याला पटतं, मनाला पटत नाही

नमस्कार मंडळी, आज एका साध्या शब्दापासून सुरुवात करते, पटणं. दिवसभरात आपण हा शब्द किती वेळा वापरतो बघा, मला पटलं, तुझं काही पटत नाही बुवा, आणि हमखास कोणीतरी म्हणतंच की डोक्याला पटतंय गं पण मनाला पटत नाहीये. म्हणजे पटण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात हे आपल्या भाषेला आधीपासूनच माहितीये. आणि 'त्या दोघांचं पटत नाही' असं म्हणतो तेव्हा तर मुद्दा वगैरे भानगडच नसते, तिथे माणूसच पटलेला नसतो.

हेच तीन कप्पे ऍरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने इसवीसनपूर्व चौथ्या शतकात करून ठेवले. लॉगॉस म्हणजे तर्क, पॅथॉस म्हणजे भावना, आणि इथॉस म्हणजे बोलणाऱ्याची पत, त्याच्यावर आपला किती भरवसा बसतो ते. भाषणकलेच्या कुठल्याही वर्गात पहिल्या तासाला हे सांगतात आणि पोरं पाठही करतात. पण यातलं कुठलं कधी काढायचं हे कोणी सांगत नाही. माझं निरीक्षण असं आहे की आपण समोरच्याला पटवायला नेमकं तेच वापरतो ज्याने आपण स्वतः पटलेलो असतो, आकडे बघून पटणारा माणूस दुसऱ्याच्या तोंडावर आकडेच फेकतो, रडून पटलेला रडवायलाच जातो, आणि समोरचा कुठे अडलाय हे बघायचं राहूनच जातं.

माझंच सांगते. माझ्या बाबांना ऐकू कमी यायला लागलं. टीव्हीचा आवाज चाळीसवर, रेडिओ तर अक्षरशः कानाला लावून ऐकायचे, आणि कानाचं मशीन घ्या म्हटलं की विषय बदलायचे. मग मी काय केलं, कानाची टेस्ट करून आणली, त्या आलेखावर लाल पेनने खुणा केल्या, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती डेसिबलचा घोळ आहे ते शेजारी लिहिलं आणि जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर बसले. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, कागदाची व्यवस्थित घडी घातली, "बरोबर आहे तुझं" म्हणाले आणि कागद ड्रॉवरमध्ये गेला. मंडळी, 'बरोबर आहे तुझं' हे वाक्य फार फसवं असतं हो. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की आता गप्प बस.

तर्क चालेना म्हणून मी भावनेवर आले. म्हटलं, बाबा, नात तुमच्याशी बोलायला येते, एकच गोष्ट दोनदा सांगते आणि तिसऱ्यांदा "जाऊ दे आजोबा" म्हणून निघून जाते, दिसत नाही का तुम्हाला? लागलं त्यांना ते, चेहऱ्यावरच दिसलं. पण मशीन काही आलं नाही, उलट ते नातीशीच कमी बोलायला लागले. मी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं खरं पण पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही, मग माणूस बिचारा अंग चोरून बसणार नाही तर काय करणार.

यावर अमेरिकेत येल विद्यापीठात १९६५ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावायची होती. काहींना अंगावर काटा येईल अशी माहिती दिली, काहींना सौम्य भाषेत दिली. जे जास्त घाबरले ते म्हणाले हो हो, लस घ्यायलाच हवी. पण म्हणणं वेगळं आणि प्रत्यक्ष जाणं वेगळं. ज्यांना माहितीबरोबर दवाखान्याची खूण केलेला नकाशा दिला होता आणि कधी जाणार ते आपल्या वेळापत्रकात बघून ठरवा असं सांगितलं होतं, त्यांच्यातले २८ टक्के गेले, बाकीच्यांतले फक्त ३ टक्के. भीती दोन्हीकडे होती, रस्ता एकीकडेच दाखवला होता.

आता कोणी म्हणेल की भावना असली कटकटीची तर तर्काला धरून बसावं, खरं ते खरं, कधी ना कधी पटेलच. नाही हो पटत. व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता, त्याच्या वॉर्डात एप्रिल १८४७ मध्ये बाळंतिणींपैकी शेकडा १८ दगावल्या होत्या. मे महिन्यात त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये तोच आकडा शेकडा २ च्या आसपास आला. याहून धडधडीत लॉगॉस काय असणार सांगा. पण डॉक्टरांना त्यात काय ऐकू आलं, तर तुमच्याच हातांनी त्या बाया मेल्या. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे जाणारे हात त्यांचेच होते ना. त्यात सेमेलवाइसने सविस्तर पुस्तक काढलं ते थेट १८६१ मध्ये आणि मग विरोध करणाऱ्यांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हटलं. बोलणं खरं होतं, पण तोंडावर खुनी म्हणणाऱ्याचं म्हणणं कोण शांतपणे ऐकून घेईल? १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि हात धुणं सगळीकडे रुळलं ते त्याच्यानंतर.

ऍरिस्टॉटल म्हणतो की बोलणाऱ्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात, एक त्याला विषय कळतो का, दोन तो सचोटीचा आहे का, आणि तीन त्याला आपलं भलं व्हावं असं वाटतं का. पहिल्या दोनवर सगळे मेहनत घेतात, डिग्र्या सांगतात, अनुभव सांगतात. तिसरी विसरतात. सेमेलवाइसकडे पहिल्या दोन्ही गोष्टी भरपूर होत्या.

याच्या बरोबर उलटं उदाहरण देते, आणि हे ऐकताना मला दर वेळी धडधडतं. प्राचीन ग्रीस, इसवीसनपूर्व ४२७. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं होतं, ते फसलं, आणि अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठराव केला की तिथल्या सगळ्या मोठ्या पुरुषांना ठार करा, बायकामुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांचं डोकं जरा थंड झालं, आपण हे काय करून बसलो असं वाटायला लागलं, परत सभा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी उठला आणि लोकांनाच झापलं, म्हणाला तुम्ही भाषणं ऐकायला तमाशाला आल्यासारखे येता, दया करणं राज्य चालवणाऱ्याला परवडत नाही. मग डायोडोटस उभा राहिला. आता आपण तिथे असतो तर काय बोललो असतो? लहान मुलं, म्हातारी माणसं, काळीज पिळवटेल असंच काहीतरी. तो दया करा असं म्हणतच नाही, उलट दयेवर जाऊ नका असंच सांगतो. तो म्हणतो हे काही कोर्ट नाही, त्यांचा गुन्हा किती मोठा हे मोजायला आपण बसलेलो नाही, आपला फायदा कशात आहे ते बघा. उद्या दुसऱ्या शहराने बंड केलं आणि त्यांना माहीत असलं की शरण गेलो तरी मरणारच आहोत तर ते शेवटपर्यंत लढतील, वेढ्याचा खर्च आपल्याच माथी, आणि हाती येणार ते उद्ध्वस्त शहर, त्यातून खंडणी कसली मिळतेय.

कारण त्याला समोरची माणसं कुठे अडलीत ते दिसत होतं. क्लिऑनने दया म्हणजे कमजोरी असं आधीच ठरवून टाकलेलं, दयेवर बोलला असता तर गेलाच असता. मतं जवळपास बरोबरीत पडली, डायोडोटस थोडक्यात जिंकला. दुसरं जहाज निघालं, पहिलं एक दिवस आणि एक रात्र पुढे गेलेलं, नावाडी वल्ही मारता मारताच खात होते, पाळीपाळीने झोपत होते, आणि तिथला सेनापती हुकूम वाचून कामाला लागणार एवढ्यात हे पोचले. शहर वाचलं. पण बंडाच्या म्होरक्यांना मात्र मारलंच, हजारावर माणसं होती ती, असं त्या काळच्या ग्रीक इतिहासकाराने, थुसिडिडीसने लिहून ठेवलंय. डायोडोटसच्या पोटात खरंच दया होती का नुसता हिशोब, ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त ते छळतं.

कारण ही हत्यारं दुधारी आहेत बरं का. १९७८ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, झेरॉक्स मशीनपाशी जाऊन म्हणायचं, माझी पाचच पानं आहेत, मी आधी काढू का? ६० टक्के लोकांनी हो म्हटलं. मग म्हणायचं, मी आधी काढू का, कारण मला कॉप्या काढायच्यात. आता हे काय कारण झालं, मशीनपाशी दुसरं काय करायला येतात, पण ९३ टक्क्यांनी हो म्हटलं! पानं वीस केली तेव्हा मात्र ही युक्ती चालली नाही. म्हणजे छोट्या गोष्टीत नुसता तर्काचा वेश पुरतो, पदरचं जास्त जायला लागलं की माणूस जागा होतो. ऍरिस्टॉटलने भाषणकलेवरच्या आपल्या 'रेटॉरिक' या ग्रंथात सुरुवातीलाच बजावलंय की न्याय करणाऱ्याला राग किंवा कीव आणून वळवणं म्हणजे मोजायच्या आधी पट्टीच वाकडी करणं. आणि गंमत म्हणजे त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग कोणाला येतो, भीती कशाची वाटते, लाज कोणासमोर वाटते यावर त्याने पानंच्या पानं लिहिलीत. पट्टी वाकवू नका म्हणाला आणि ती कुठून वाकते तेही सांगून ठेवलं.

हां, तर बाबांचं राहिलं. एके दिवशी त्यांचे एक जुने मित्र आले होते, ते दोघं बोलत बसले होते आणि मी आत होते. अर्ध्या तासाने बाहेर आले तर काकांनी आपल्या कानातून काहीतरी काढून बाबांच्या तळहातावर ठेवलेलं, बोटाच्या पेराएवढं. "दोन वर्षं झाली घालतोय, तुला कधी दिसलं का रे?" बाबा ते उलटसुलट करून बघत होते. मी डेसिबल मोजत बसले होते आणि ते अडले होते लोकांना दिसेल, मी म्हातारा वाटेन यावर, आणि ते मुलीला सांगणार तरी कसं. काकांनी ना आलेख दाखवला ना डोळ्यांत पाणी आणलं, नुसतं कानातलं काढून हातात दिलं आणि जाता जाता म्हणाले, मंगळवारी मला चेकिंगला जायचंच आहे, चल माझ्याबरोबर.

मंगळवारी गेले. आठवड्याभरात मशीन आलं, मी हौसेने समोर बसून नेहमीसारखं विचारलं, बाबा, येतंय का ऐकू नीट?

बाबा म्हणाले, "येतंय. पण तू इतकी ओरडतेस कशाला?"