गोड वासाची गंज

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

मावळ, मुळशी, भोरकडे गवतकापणी सुरू झाली की परतीचा पाऊस हटकून गाठतो. मग अर्धवट वाळलेलं गवत घाईनं गंजीवर चढतं. आमच्या घरी एका वर्षी असंच झालं. पौषात गंज उघडली, तर मधलं गवत तपकिरी आणि त्याला काकवीसारखा गोड वास. म्हशी चवीनं खात होत्या, म्हणून आम्ही निर्धास्त. दूध मात्र उतरत गेलं आणि आम्ही महिनाभर पेंडीला दोष देत राहिलो.

कापलेलं गवत लगेच मरत नाही, श्वास घेत राहतं. ओलावा असला की जिवाणू आणि बुरशी त्यातली साखर खातात आणि गंज तापते. फार तापली की प्रथिनं साखरेशी जखडली जातात. तो गोड वास त्याचाच. असा चारा जनावर आवडीनं खातं, पण त्यातली प्रथिनं अंगी लागत नाहीत.

म्हणून गंज रचताना शंभर किलोत पंधरा किलोपेक्षा जास्त पाणी नको. मूठभर गवत पिळून बघा. काडी कट्‌कन मोडली तर ठीक, नुसती वाकली तर अजून ऊन हवं. लसूणघास मात्र सकाळी दव असतानाच उलथा. भर उन्हात पानं झडतात, आणि प्रथिनं जास्त पानांतच असतात.

रचल्यावर पहिले तीन आठवडे जपा. लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसा, वीस मिनिटांनी काढा. हात लावायला कोमट असेल तर लक्ष ठेवा. धरवत नसेल, तर पाणी जवळ घेऊनच गंज मोकळी करा. आत वारा शिरताच ती पेटू शकते.

ऊन पडायची चिन्हंच नसतील तर वाळवायचा हट्ट सोडा, मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवा. चाऱ्याची बारीक कुट्टी मुठीत दाबली की तळवा ओलसर व्हावा, पाणी निथळू नये. दाबून हवा काढा, कागद घट्ट झाका, 45 दिवस उघडू नका.

भाताच्या पेंढ्याला युरिया चालतो: 100 किलोला 4 किलो, पाण्यात पूर्ण विरघळवून, 21 दिवस हवाबंद. हिरव्या गवतावर किंवा लसूणघासावर तो कधीही मारू नका. त्यात विषारी घटक तयार होतात, जनावर बिथरून धावत सुटतं.

आणि बुरशी आलेला चारा गाभण गाईला, वासराला घालू नका. काही बुरशींचं विष दुधातून थेट आपल्या लेकरांच्या पेल्यात उतरतं. तो भारा उकिरड्यावर टाकताना जिवावर येतं, मला ठाऊक आहे. तरी टाका.