बोटांवरचे वाक्य

इंग्रजीचा तास सुरू झाल्यापासून पडद्यावर दिसणाऱ्या या शिक्षिकेने फळ्यावर एकही शब्द लिहिलेला नाही. तिने एक हात वर धरला आहे आणि दुसऱ्या हाताने एकेका बोटाला स्पर्श करीत ती वाक्यातला एकेक शब्द दाखवते आहे. पहिले बोट ‘आय’, दुसरे ‘ॲम’, तिसरे ‘गोइंग’. मग ती पहिली दोन बोटे एकमेकांना चिकटवते, आणि दोन सुटे शब्द म्हणणारा वर्ग ‘आइम’ असा एकच उच्चार करतो. बोटे दाखवताना ती स्वतःच्या उजवीकडून डावीकडे जाते, कारण समोर बसलेल्यांना वाक्य डावीकडून उजवीकडे वाचता आले पाहिजे. या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मातृभाषा निरनिराळ्या आहेत आणि शिक्षिकेला त्यांपैकी एकही येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बोटांवर किती भार आहे ते कळते.

शिकणाऱ्याची भाषा मध्ये न आणता नवी भाषा त्याच भाषेतून शिकवण्याची ही रीत जुनी आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे भाषाशाळा काढली. फ्रेंच शिकवण्यासाठी त्यांनी नेमलेल्या निकोलस जोली यांना इंग्रजी बोलता येत नव्हते, आणि बर्लिट्झ आजारी पडल्यामुळे वर्ग एकट्या जोलींच्या हाती गेला; बरे होऊन परतलेल्या बर्लिट्झना विद्यार्थी फ्रेंचमध्ये बोलताना आढळले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे याच संस्थेच्या युरोपातील पोला आणि त्रिएस्ते येथील शाळांत आयरिश लेखक जेम्स जॉइस तरुणपणी इंग्रजीचे शिक्षक होते. १९३४ साली इंग्रजीचा परदेशांत प्रसार करणारी ब्रिटिश कौन्सिल स्थापन झाली. १९५३ साली जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने स्पेनमधील कॉर्दोबा येथे काढलेल्या शाळेतून ‘इंटरनॅशनल हाउस’ ही संस्था उभी राहिली. या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते १९६२ हे वर्ष. त्या वर्षी हेक्राफ्ट यांनी लंडनमध्ये शिक्षकांसाठी छोटा प्रशिक्षणवर्ग सुरू केला, आणि इंग्रजी बोलता येणे वेगळे व शिकवता येणे वेगळे, ही गोष्ट प्रत्यक्ष वर्गात उतरली.

आता टेबलावर दिसतो आहे तो कागद म्हणजे एका प्रशिक्षणार्थीचे पाठाचे टाचण आहे. तो ‘सेल्टा’ या, इंग्रजी शिकवण्यासाठीच्या केंब्रिजच्या पात्रतेसाठी शिकतो आहे. या अभ्यासक्रमात किमान १२० तासांचे शिक्षण असते, त्यात किमान दोन वेगवेगळ्या स्तरांच्या खऱ्या विद्यार्थ्यांसमोर मिळून सहा तासांचे सराव पाठ घ्यावे लागतात, आणि अनुभवी शिक्षकांचे तास मागे बसून पाहावे लागतात. टाचणात प्रत्येक टप्प्याचा हेतू, त्याला लागणारी मिनिटे आणि त्या वेळी कोण कोणाशी बोलणार हे लिहिलेले असते. एका रकान्यात विद्यार्थी कोठे अडखळतील याचा अंदाज असतो आणि शेजारी त्यावरचा उपाय. आम्ही चित्रण करीत असताना हा तरुण तो एकच रकाना तीनदा खोडून पुन्हा लिहीत होता. आपल्याला जे सहज येते ते दुसऱ्याला का अवघड जाते, याचा विचार त्या रकान्यात करावा लागतो, आणि आमच्या मते शिक्षक घडतो तो तेथेच.

मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या आहेत त्या प्रशिक्षिका. संपूर्ण पाठभर त्या एक शब्दही बोलत नाहीत. पाठ संपल्यावर सगळे प्रशिक्षणार्थी गोल बसतात, आणि पहिला प्रश्न ज्याने पाठ घेतला त्यालाच विचारला जातो: तुझ्या मते काय जमले?

याच पाठातला एक क्षण पाहा. फळ्यावर वाक्य आहे, ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘समजले का?’ असे हा प्रशिक्षणार्थी विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला कोणताही वर्ग मान डोलावतो आणि त्या होकारातून काहीच कळत नाही. तो विचारतो, हा माणूस आता येथे राहतो का? तो येथे कधी आला? एक विद्यार्थिनी पहिल्या प्रश्नाला ‘नो’ म्हणते. तो तिला सुधारत नाही. फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो, डाव्या टोकाला पाच वर्षांपूर्वीची खूण करतो, उजवीकडे ‘नाऊ’ लिहितो आणि खडू तिच्या हाती देतो. पुढचे आपण पाहत आहात.

हे कसब जन्माने मिळत नाही. इंग्रजीचे मातृभाषक नसलेल्या, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलत वाढलेल्या शिक्षकांशी नोकरीत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ‘टेसोल’ या आंतरराष्ट्रीय शिक्षकसंघटनेने २००६ साली स्पष्ट भूमिका घेतली, तरीही मातृभाषकच हवा अशा जाहिराती दिसतात. अनेक ठिकाणी काम तासांच्या हिशेबाने दिले जाते आणि टाचणावर गेलेले तास त्यात धरले जात नाहीत.

आपण पुन्हा पहिल्या वर्गात आलो आहोत. विद्यार्थी जोडीजोडीने बोलत आहेत आणि शिक्षिका बाकांमधून हळूहळू फिरते आहे. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर ती ऐकलेली वाक्ये टिपते, बरोबर आणि चुकीची दोन्ही, पण कोणालाही मध्येच अडवत नाही. बोलणे संपल्यावर त्यांपैकी पाच वाक्ये, बोलणाऱ्यांची नावे न देता, ती फळ्यावर लिहिते आणि खडू ठेवून बाजूला उभी राहते. चुकीचे वाक्य कोणते, हे आता वर्गाने शोधायचे आहे. येथून पुढे निवेदन नाही, केवळ वर्गातला आवाज आहे.